नोकरीतून मिळणारं डेंटल स्पेंडिंग अकाउंट: पैसे कसे मिळतात आणि कुठे अडकतात

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या नव्या नोकरीत कंपनी डेंटल इन्शुरन्सऐवजी वर्षाला १,५०० डॉलरचं ‘डेंटल स्पेंडिंग अकाउंट’ देते आहे. पगारातून काही कापलं जाणार नाही. हे वापरायचं कसं, उरलेले पैसे कोणाचे, आणि एका दाढेला रूट कॅनाल आणि कॅप सांगितली आहे तो खर्च यातून निघेल का?

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. या अकाउंटमध्ये बहुतेक वेळा पैसे नसतात. पोर्टलवर १,५०० चा आकडा दिसतो, पण तुमच्या नावाने कुठे रक्कम बाजूला ठेवलेली नसते. कंपनीने दिलेली ती हमी असते: अमुक काळात, अमुक प्रकारचा दातांचा खर्च झाला आणि त्याचा पुरावा दिलात, तर इतक्या रकमेपर्यंत भरपाई करू. म्हणून ‘माझ्या खात्यातले पैसे मी कसेही वापरीन’ हा हिशेब इथे चालत नाही. नियम लिहिलेले असतात योजनेच्या कागदात, म्हणजे समरी प्लॅन डिस्क्रिप्शनमध्ये. एचआरने पाठवलेलं रंगीत माहितीपत्रक म्हणजे तो कागद नव्हे. तो मागून घ्या. लेखी मागितल्यावर खासगी कंपनीच्या योजनेच्या प्रशासकाने ३० दिवसांत तो द्यायचा असतो.

‘डेंटल अकाउंट’ या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात आणि चौघींचे नियम वेगळे आहेत. तुमच्या वर्णनावरून हा एचआरए वाटतो, म्हणजे हेल्थ रिइम्बर्समेंट अरेंजमेंट. यात पैसे फक्त कंपनीचे. कर्मचाऱ्याने पगारातून त्यात भर घालायला आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याची, परवानगीच नाही. २००२ सालच्या नोटीस २००२-४५ पासून हा नियम स्पष्ट आहे. भरपाईवर इन्कम टॅक्स लागत नाही, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा करही लागत नाही. दुसरा प्रकार एफएसए, म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट: त्यात तुमच्या पगारातून करपूर्व रक्कम कापली जाते, कंपनी हवं तर थोडी भर घालते. तिसरा एचएसए, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट: ते खरंखुरं खातं, तुमच्या मालकीचं, नोकरी सोडली तरी तुमचंच. चौथा प्रकार म्हणजे नुसता स्टायपेंड, ज्याला कधी वेलनेस अकाउंट तर कधी लाइफस्टाइल अकाउंट म्हणतात. यात मिळालेली रक्कम पगारच धरली जाते.

एचआरए आणि स्टायपेंड यांतला फरक खिशाला चांगलाच जाणवतो. तुम्ही २२ टक्क्यांच्या फेडरल स्लॅबमध्ये असाल, तर १,५०० डॉलरच्या स्टायपेंडमधून २२ टक्के आणि वर ७.६५ टक्के पेरोल टॅक्स जाऊन हातात साधारण १,०५५ उरतात. राज्याचा कर असेल तर आणखी कमी. एचआरएमधून तेच १,५०० पूर्ण मिळतात. तेव्हा एचआरला ईमेलने सरळ विचारा: ‘हा सेक्शन १०५ खालचा एचआरए आहे की टॅक्सेबल स्टायपेंड?’ उत्तर लेखी घ्या. आणि खर्च न करता उरलेली रक्कम वर्षाअखेरीस रोख देऊ असं कोणी सांगत असेल, तर तो करमुक्त एचआरए राहूच शकत नाही. रोख घेण्याची मुभा असली की संपूर्ण व्यवस्थाच करपात्र होते, ज्यांनी रोख घेतली नाही त्यांचीसुद्धा.

१,५०० हा आकडा सरकारने ठरवलेला नाही. फक्त दात आणि डोळ्यांपुरत्या मर्यादित एचआरएला आयआरएसची वार्षिक कमाल मर्यादा नाही. कंपनी ठरवेल ती रक्कम. ‘एक्सेप्टेड बेनिफिट एचआरए’ नावाचा २०२० पासूनचा वेगळा प्रकार आहे, त्याला मात्र मर्यादा आहे: सुरुवातीला १,८०० डॉलर होती, २०२५ साठी २,१५० आणि २०२६ साठी २,२००. त्यातून डेंटल इन्शुरन्सचा प्रीमियमही भरता येऊ शकतो, योजनेत तसं लिहिलं असेल तर.

आता पैसे उपलब्ध कधी होतात ते. एफएसएमध्ये वर्षभराची पूर्ण रक्कम पहिल्या दिवशी वापरता आली पाहिजे असा नियम आहे. एचआरएला हा नियम लागू नाही. काही कंपन्या १ जानेवारीला पूर्ण १,५०० जमा दाखवतात, काही दर महिन्याला १२५. दुसऱ्या पद्धतीत मार्चमध्ये १,३०० डॉलरची रूट कॅनाल झाली तर त्या वेळी ३७५ डॉलरच हाताशी असतात. बाकीची भरपाई शिल्लक जमा होईल तशी मिळते की क्लेम पुन्हा टाकावा लागतो, हे विचारून ठेवा. वर्षाच्या मधे रुजू झालात तर रक्कम महिन्यांच्या प्रमाणात कापली जाते का, तेही.

शिवाय सगळ्याच योजना डॉलरला डॉलर भरपाई देत नाहीत. डेंटल क्षेत्रात ‘डायरेक्ट रिइम्बर्समेंट’ नावाची जुनी रचना आहे, तिच्यात टप्पे असतात. उदाहरणार्थ पहिल्या २०० डॉलरवर १०० टक्के, पुढच्या ५०० वर ८० टक्के, त्यापुढच्या १,८०० वर ५० टक्के. गणित केलंत तर २०० अधिक ४०० अधिक ९००, म्हणजे कमाल १,५०० च होतात, पण ते मिळायला २,५०० डॉलरचा खर्च व्हावा लागतो. दोन्ही योजनांच्या माहितीपत्रकावर ‘वर्षाला १,५०० पर्यंत’ हेच छापलेलं असतं.

यानंतर अशी एक गोष्ट जिच्यावरून क्लेम फेटाळले जातात: तारीख. खर्च ‘झाला’ असं धरतात ते उपचार झाला त्या दिवशी. बिल आलं त्या दिवशी नाही आणि पैसे भरले त्या दिवशीही नाही. डिसेंबरच्या २० तारखेला क्लिनिकने कॅपचे पैसे आगाऊ घेतले आणि कॅप जानेवारीत बसली, तर डिसेंबरच्या पैशांतून क्लेम करून उपयोग नाही. उलट २८ डिसेंबरला दाढ काढली आणि क्रेडिट कार्डने पैसे फेब्रुवारीत भरले, तर तो खर्च डिसेंबरचाच. नोकरीत रुजू होण्याआधी किंवा योजनेत नाव लागण्याआधी झालेला उपचार कितीही मोठा असला तरी बसत नाही. दात सरळ करण्याच्या उपचारांना यात थोडी सूट मिळते: ब्रेसेसचं काम दीड-दोन वर्षं चालतं, क्लिनिक सुरुवातीला रक्कम मागतं, म्हणून उपचार मिळवण्यासाठी प्रत्यक्ष भरलेल्या आगाऊ रकमेचीही भरपाई बऱ्याच योजना देतात. त्यासाठी उपचाराचा करार आणि हप्त्यांचं वेळापत्रक जोडावं लागतं.

कॅपच्या बाबतीत तारखेचा आणखी एक पेच असतो. एका भेटीत दाढ घासून माप घेतात आणि तात्पुरती कॅप लावतात. दोन-तीन आठवड्यांनी लॅबमधून आलेली पक्की कॅप बसवतात. बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या बसवण्याची तारीख धरतात. तुमच्या अकाउंटचा प्रशासक कुठली धरतो हे अपॉइंटमेंट ठरवण्याआधी विचारा, विशेषतः वर्ष संपत आलं असेल तर. एकाच भेटीत मशीनवर कॅप कोरून बसवणाऱ्या क्लिनिकमध्ये हा प्रश्नच येत नाही.

क्लेमला नेमकं काय लागतं? पाच गोष्टी एकाच कागदावर हव्यात: रुग्णाचं नाव, उपचाराची तारीख, उपचाराचं वर्णन, क्लिनिकचं किंवा डेंटिस्टचं नाव, आणि रक्कम. क्रेडिट कार्डची पावती चालत नाही, कारण तिच्यावर उपचारच लिहिलेला नसतो. ‘मागील बाकी ४२० डॉलर’ असं लिहिलेलं स्टेटमेंट चालत नाही, कारण तारीख आणि उपचार दोन्ही गायब. काउंटरवर ‘कोडसकट आयटमाइज्ड स्टेटमेंट द्या’ एवढंच सांगा. अमेरिकन डेंटल असोसिएशनचे सीडीटी कोड सगळी क्लिनिकं वापरतात, आणि क्लेम तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. डी१११० म्हणजे मोठ्यांच्या दातांची नेहमीची सफाई, डी४३४१ म्हणजे हिरड्यांखालची खोल सफाई (ही तोंडाच्या चौथ्या भागामागे वेगळी आकारतात), डी३३३० म्हणजे दाढेची रूट कॅनाल, डी२९५० म्हणजे कॅपसाठी आतला गाभा भरून काढणं, डी२७४० म्हणजे सिरॅमिकची कॅप. आणि डी९९७२ दिसलं की क्लेम परत येणार, कारण ते दात पांढरे करणं आहे.

काय बसतं याचा पाया आयआरएसच्या पब्लिकेशन ५०२ मध्ये आहे: दातांचे आजार टाळणं आणि बरे करणं. तपासणी, एक्स-रे, सफाई, फ्लोराइड, सीलंट, फिलिंग, रूट कॅनाल, दाढ काढणं, कवळी, इम्प्लांट, ब्रेसेस हे सगळं यात येतं. दात पांढरे करणं नाही. टूथपेस्ट, ब्रश आणि रोजच्या वापराच्या वस्तू नाहीत. निव्वळ दिसण्यासाठी लावलेले व्हिनियर नाहीत. अपघातात दात तुटला म्हणून लावले असतील तर चालू शकतं, पण डेंटिस्टचं पत्र जोडा. रात्री दात खाणाऱ्यांसाठी बनवलेल्या नाइट गार्डलाही अनेक प्रशासक वैद्यकीय गरजेचं पत्र मागतात, ते आधीच घेऊन ठेवलं तर एक फेरी वाचते. चुकवलेल्या अपॉइंटमेंटचा दंड आणि हप्त्यांवरचं व्याज कधीच मिळत नाही. आणि कायद्याने बसणारी प्रत्येक गोष्ट तुमच्या योजनेत बसेलच असं नाही. कंपनी यादी आखूड करू शकते. ब्रेसेस आणि इम्प्लांट वगळलेल्या योजना असतात.

इन्शुरन्सशी तुलना केली तर काही बाबतीत हे अकाउंट उघडच चांगलं आहे. नेटवर्क नाही, हव्या त्या डेंटिस्टकडे जा. मोठ्या उपचारांसाठी वर्षभर थांबायची अट नाही. पॉलिसीच्या आधीपासून नसलेल्या दाताला नकार नाही. दाढेला दाताच्या रंगाचं फिलिंग केलं म्हणून चांदीच्या फिलिंगचे पैसे हातावर टेकवणं नाही. पण इन्शुरन्सची एक गोष्ट इथे नाही आणि तिचं मोल लोक विसरतात: ठरवून घेतलेला दर. इन्शुरन्सच्या नेटवर्कमधल्या डेंटिस्टला ठरलेल्या दरापेक्षा जास्त आकारता येत नाही. तुम्ही मात्र पूर्ण दराचे गिऱ्हाईक. म्हणून उपचाराआधी कोडसकट लेखी अंदाज घ्या, दुसऱ्या क्लिनिकचाही घ्या, आणि जागेवर पूर्ण पैसे भरल्यास किती सूट देता हे निःसंकोच विचारा. इन्शुरन्सच्या कागदपत्रांची कटकट वाचते म्हणून अनेक क्लिनिकं सूट देतात. क्लिनिकच्या स्वतःच्या वार्षिक मेंबरशिप योजना असतात, त्यांचाही फायदा होतो. पण मेंबरशिपची फी विशिष्ट उपचाराची नसल्यामुळे ती बऱ्याच ठिकाणी भरपाईत धरत नाहीत. सवलतीच्या दराने झालेला उपचार मात्र धरतात.

आता तुमच्या दाढेकडे येऊ. गणितासाठी आकडे धरू: रूट कॅनाल १,३००, गाभा भरणं ३००, कॅप १,४००, एकूण ३,०००. अंदाजपत्रकात मधला ३०० चा आकडा राहून जातो आणि शेवटी बिलात येतो, तो आधीच विचारा. रूट कॅनाल स्पेशालिस्टकडे पाठवली तर त्यांचं बिल वेगळं, सल्ल्याची आणि एक्स-रेची फी वेगळी. सगळं एकाच वर्षात केलं तर वर सांगितलेल्या दोन्ही रचनांत १,५०० मिळतात आणि १,५०० खिशातून जातात. पण वर्षअखेर जवळ असेल तर चित्र बदलतं. रूट कॅनाल आणि गाभा डिसेंबरात, कॅप जानेवारीत: डॉलरला डॉलर योजनेत डिसेंबरच्या १,६०० पैकी १,५०० आणि जानेवारीचे पूर्ण १,४००, म्हणजे खिशातून फक्त १००. टप्प्यांच्या योजनेत डिसेंबरला १,०५० आणि जानेवारीत ९५०, म्हणजे खिशातून १,०००. कायद्याच्या दृष्टीने यात काही गैर नाही, कारण उपचार खरोखरच त्या तारखांना होतात. मात्र हे करावं का, हा निर्णय दाढेच्या अवस्थेवर सोडा. रूट कॅनाल झालेली दाढ कॅपशिवाय महिनोन्‌महिने ठेवली तर तडकते, आणि तडकलेली दाढ काढून इम्प्लांट करायचा खर्च वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो. सूज, पू किंवा ताप असेल तर कॅलेंडर बघूच नका. आणि क्लिनिकला बिलावरची तारीख पुढेमागे करायला सांगू नका. तो खोटा क्लेम होतो, त्यात डेंटिस्टचं लायसन्स आणि तुमची नोकरी दोन्ही पणाला लागतात.

इम्प्लांटला हे नियोजन आपोआपच करावं लागतं. दाढ काढणं, हाड भरणं, स्क्रू बसवणं, तो हाडात रुजेपर्यंत तीन ते सहा महिने थांबणं, मग वरचा दात. एवढं लांब काम दोन वर्षांत विभागलं जाणं साहजिक आहे, फक्त प्रत्येक टप्प्याचं तारखेनिशी वेगळं बिल घ्या. पूर्ण पॅकेजचं एकच बिल दिलं की प्रशासक ते परत पाठवतो.

जोडीदाराच्या नोकरीतून तुम्हाला डेंटल इन्शुरन्स असेल तर क्लेम आधी तिकडे जायला हवा. इन्शुरन्सकडून येणारं ईओबी, म्हणजे कोणी किती भरलं याचा कागद, हाच मग अकाउंटसाठी सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. त्यातल्या ‘रुग्णाने द्यायची रक्कम’ एवढ्याचाच क्लेम करा. एकच खर्च दोन ठिकाणांहून वसूल करता येत नाही, आणि भरपाई मिळालेला खर्च टॅक्स रिटर्नमध्ये वजावट म्हणूनही दाखवता येत नाही. एचआरए आणि एफएसए दोन्ही असतील तर एरवी एचआरए आधी संपवावा लागतो; एफएसए आधी, असं योजनेत लिहिलं असेल तरच क्रम उलटा. हे महत्त्वाचं अशासाठी की वर्षाअखेरीस बुडण्याचा धोका एफएसएच्या पैशांना जास्त असतो.

एचएसए असणाऱ्यांनी इथे थांबून नीट वाचावं. कंपनीचा एचआरए फक्त दात-डोळ्यांपुरता असेल तर तुम्ही एचएसएमध्ये पैसे टाकत राहू शकता. पण त्यातून इतर वैद्यकीय खर्चही भागत असेल, तर तुम्ही तो वापरा किंवा न वापरा, एचएसएमध्ये भर घालण्याची पात्रताच जाते. तरीही भरलेली रक्कम वेळेत काढून घेतली नाही तर तिच्यावर दरवर्षी ६ टक्के कर बसतो. ‘लिमिटेड पर्पज’ हे शब्द कागदात शोधा.

कुटुंबात कोण बसतं? योजनेने परवानगी दिली असेल तर पती किंवा पत्नी, करदृष्ट्या अवलंबून असलेली माणसं, आणि मुलं २६ वर्षांची होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. भारतात राहणारे आईवडील यात येत नाहीत, तुम्ही त्यांचा सगळा खर्च करत असलात तरी: अवलंबून व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी असावी, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोची रहिवासी असावी, अशी अट आहे. आपल्याकडचा दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे सुट्टीत भारतात जाऊन करून घेतलेला उपचार. उपचार अमेरिकेतच झाला पाहिजे अशी करकायद्याची अट नाही, पण योजना परदेशातला उपचार वगळू शकते. वगळला नसेल तर बिल इंग्रजीत, वर सांगितलेल्या पाचही गोष्टींसह घ्या, कुठल्या दाढेवर काम झालं ते लिहून घ्या, आणि त्या दिवसाचा विनिमय दर जोडा. ‘डेंटल ट्रीटमेंट, रुपये अमुक’ एवढंच लिहिलेली पावती चालणार नाही. सुट्टीच्या विमानप्रवासाचा क्लेम मात्र टाकू नका.

काही कंपन्या डेबिट कार्ड देतात. कार्ड चाललं म्हणजे क्लेम मंजूर झाला असं नसतं. दुकान डेंटिस्टचं आहे एवढंच मशीनला कळतं. दात पांढरे केले की दाढ भरली हे कळत नाही. म्हणून नंतर पावती मागणारा ईमेल येतो. तो दुर्लक्षित केला तर कार्ड बंद पडतं, रक्कम परत मागितली जाते, आणि शेवटी ती तुमच्या करपात्र पगारात धरली जाऊ शकते. कार्ड वापरलंत तर आयटमाइज्ड बिल त्याच दिवशी पोर्टलवर चढवा.

उरलेल्या पैशांचं काय, हे पूर्णपणे योजनेवर आहे. काही कंपन्या सगळी शिल्लक पुढच्या वर्षात नेतात, काही ठरावीक मर्यादेपर्यंत, काही शून्य करतात. वर्ष संपल्यावर मागच्या उपचारांचे क्लेम टाकायला बहुधा ९० दिवसांच्या आसपास मुदत असते, तिला रन-आउट म्हणतात; त्या मुदतीत नवा उपचार करून जुने पैसे वापरता येत नाहीत.

नोकरी सुटली की शिल्लक सहसा कंपनीकडेच राहते. शेवटच्या दिवसापर्यंत झालेल्या उपचारांचे क्लेम मुदतीत टाका. पण इथे एक मार्ग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत एचआरएलाही कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतः हप्ता भरून योजना चालू ठेवू देणारा कायदा, लागू होतो. निवड करायला ६० दिवस मिळतात आणि नोकरी सुटल्यावर १८ महिन्यांपर्यंत तो चालू ठेवता येतो. हप्ता योजनेच्या खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत असतो. साठलेली शिल्लक १,२०० आणि हप्ता महिना ६० असेल, आणि कॅप बसवायची राहिली असेल, तर दोन महिने कोब्रा घेऊन काम उरकणं सरळ फायद्याचं आहे. हा हप्ता किती ते राजीनामा देताना विचारा.

क्लेम फेटाळला गेला तर पहिल्या नकारावर सोडून देऊ नका. खासगी कंपन्यांच्या योजना एरिसा या कर्मचारी-लाभांच्या फेडरल कायद्याखाली येतात (सरकारी आणि चर्चच्या नोकऱ्या सोडून). झालेल्या उपचाराच्या क्लेमवर ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, १५ दिवसांची मुदतवाढ घेता येते. नकार लेखी, कारणासह आणि योजनेतल्या ज्या कलमावर आधारला आहे त्याच्या उल्लेखासह यायला हवा. अपील करायला किमान १८० दिवस मिळतात. अपिलात भावनिक पत्र लिहिण्यापेक्षा त्या कलमालाच उत्तर द्या: वर्णन अपुरं म्हटलं असेल तर कोड असलेलं नवं बिल, सौंदर्योपचार म्हटलं असेल तर डेंटिस्टचं पत्र, एक्स-रे आणि दाताचा क्रमांक, तारखेवरून अडलं असेल तर क्लिनिकच्या ट्रीटमेंट नोट्सची प्रत. आणि फोनवर कोणी काहीही सांगितलं तरी अपील पोर्टलवर किंवा नोंदणीकृत टपालानेच पाठवा, म्हणजे पोहोचल्याची तारीख तुमच्या हातात राहते.